समुद्र नसलेला मुलूख आणि आपल्या ताटातला मसूर

मोहरमचा खिचडा असो की रोजचे दाल-चावल, मसुरावाचून आपल्या घरांची चूल चालत नाही. रमजानच्या संध्याकाळी नाक्यावरच्या गाडीवर जो रगडा उकळत असतो, त्यातला पांढरा वाटाणाही आपल्या ओळखीचा आहे. घाऊक बाजारात या दोन्ही मालांचे भाव सांगताना 'कॅनडा' हा शब्द सर्रास लागतो. देशी मसुराचा भाव वेगळा, कॅनडाच्या मसुराचा वेगळा. पण कॅनडा म्हणजे नेमके कोठे, असे विचारले तर आपले बहुतेक किराणा व्यापारी टोरांटोचे नाव घेतील. हा माल टोरांटोचा नव्हे. मसुराचा जवळजवळ सगळा आणि वाटाण्याचा मोठा भाग सस्कॅचेवान नावाच्या एका प्रांतातून येतो, आणि त्या प्रांताला समुद्रच नाही. ज्यांचा माल जगभर जातो त्यांच्या दारात बंदर नाही, ही गोष्ट व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखी आहे.

प्रांताचे क्षेत्रफळ ६ लाख ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. माणसे मात्र २०२१ च्या जनगणनेत ११ लाख ३२ हजार. २०११ साली एकट्या औरंगाबाद शहरात याहून जास्त माणसे राहत होती. पश्चिमेला अल्बर्टा, पूर्वेला मॅनिटोबा, दक्षिणेला अमेरिकेची मोंटाना आणि नॉर्थ डाकोटा ही राज्ये, उत्तरेला नॉर्थवेस्ट टेरिटरीज. चारही सरहद्दी नकाशावर पट्टीने आखल्यासारख्या. कोठे नदी आडवी आली म्हणून हद्द थांबली, असे नाही. कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी समुद्रकिनारा नसलेले दोनच आहेत: अल्बर्टा आणि हा.

उत्तरेकडचा अर्धा भाग जंगल, खडक आणि सरोवरांचा. दक्षिणेकडचा भाग म्हणजे प्रेअरी, नजर पोचेल तेथवर सपाट गवताळ मैदान. त्याची आता शेते झाली आहेत. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात पेरायचे आणि सप्टेंबरात थंडी पडायच्या आत काढून घ्यायचे, एवढीच काय ती मुदत. राजधानी रेजायना, सर्वांत मोठे शहर सॅस्काटून, वस्ती २ लाख ६६ हजार. सस्कॅचेवान हे नाव क्री या मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ वेगाने वाहणारी नदी असा आहे.

पहिली निर्यात हाडांची

या मैदानावर पूर्वी बायसन नावाच्या रानटी गुरांचे प्रचंड कळप चरत. क्री आणि इतर जमातींचे अन्न, वस्त्र आणि तंबू सगळे त्यांच्यावर अवलंबून होते. बेसुमार शिकारीने हे कळप १८८० च्या सुमारास संपले. त्याआधी १८७४ आणि १८७६ साली झालेल्या करारांनी जमिनी सरकारकडे गेल्या होत्या. उपासमार सोसणारे मूळ रहिवासी राखीव वस्त्यांत ढकलले गेले. १८८२ साली रेल्वे आजच्या रेजायनापर्यंत पोचली. त्या जागेचे जुने नाव 'हाडांचा ढीग' असे होते. रेल्वे आल्यावर मैदानात पडलेली बायसनची हाडे गोळा करून वाघिणी भरल्या जाऊ लागल्या. खत बनवायला आणि साखर शुद्ध करायला त्यांना अमेरिकेत गिऱ्हाईक होते. या मुलखातून रेल्वेने बाहेर गेलेल्या पहिल्या मालांपैकी तो एक होता.

मग वसाहतवाले आले. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर शुल्क भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. अट एवढीच की ती कसायची आणि तेथे राहायचे. युरोपातून हजारो कुटुंबे आली, गहू पिकू लागला, आणि १ सप्टेंबर १९०५ रोजी सस्कॅचेवान हा वेगळा प्रांत झाला. आज तेथील सरासरी शेत १,७०० एकरांहून मोठे आहे. आपल्याकडचा सरासरी शेतकरी तीन-सव्वातीन एकरांचा धनी. तेव्हा तेथील मसूर स्वस्त कसा पडतो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

भाडे वजनावर, नफा किमतीवर

उरलेले उत्तर रेल्वेत आहे. सॅस्काटूनहून पॅसिफिक किनाऱ्यावरचे व्हँकुव्हर बंदर सुमारे १,६०० किलोमीटर, आणि मध्ये रॉकी पर्वत. रेल्वे कंपन्या दोनच. रस्त्याने एवढे धान्य नेणे परवडत नाही. शेतकरी मालाचा धनी खरा, पण माल कधी हलणार हे त्याच्या हातात नाही.

या गरजेपोटी १८९७ साली एक करार झाला. सरकारने कॅनडियन पॅसिफिक रेल्वेला क्रोज नेस्ट खिंडीतून रूळ टाकायला पैसे दिले आणि बदल्यात कंपनीने धान्याचे भाडे कमी ठेवायचे कबूल केले. ही सवलत पुढे पिढ्यान् पिढ्या चालली. १९८३ साली तिचे स्वरूप बदलले आणि १ ऑगस्ट १९९५ पासून सरकारी अनुदान पूर्ण बंद झाले. एका दिवसात भाड्याचा सगळा बोजा शेतकऱ्यावर आला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. भाडे वजनावर लागते, नफा किमतीवर मिळतो. एक टन गहू नेला काय किंवा एक टन मसूर नेला काय, वाघिणीला सारखेच. ज्या मालाची टनामागे किंमत जास्त, त्याला लांबचा प्रवास पचतो. म्हणून अनुदान गेल्यावर तेथील शेतकरी कडधान्याकडे अधिक वळला. त्यात आणखी एक सोय होती. गहू फक्त सरकारी गहू मंडळामार्फतच परदेशी विकता येई. ही सक्ती २०१२ साली उठली. मसूर आणि वाटाणा या मंडळाच्या कक्षेत नव्हते. तेथे सौदा मोकळा होता, भाव ठरवायला व्यापारी मोकळा होता.

मसुराचे बी आधीपासून तयार होते, हेही सांगितले पाहिजे. १९७० च्या सुमारास कॅनडात गव्हाचे इतके ढीग साचले होते की सरकारने शेतकऱ्यांना गहू न पेरण्याबद्दल पैसे दिले. दुसरे काही पिकवता येईल का, हे पाहण्यासाठी १९७१ साली सॅस्काटूनच्या विद्यापीठात पीक विकास केंद्र निघाले. पुढल्या वर्षी अल स्लिंकार्ड नावाचे पैदासकार तेथे रुजू झाले. त्यांनी १९७८ साली 'लेअर्ड' हा मोठ्या हिरव्या दाण्याचा मसूर दिला आणि १९८० साली 'एस्टन' हा लहान दाण्याचा. शेतकऱ्यांना त्यात दुहेरी फायदा दिसला. पूर्वी ओल धरून ठेवण्यासाठी ते एक वर्षाआड जमीन पडीक ठेवत. मसूर थोड्या पाण्यावर येतो आणि हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतो, म्हणजे पुढच्या गव्हाला खत कमी लागते. आपल्याला हवा असलेला, आतून लाल असणारा मसूर त्यानंतर मोठ्या प्रमाणावर आला. ज्या प्रांतात लोक स्वतः मसूर फारसा खात नाहीत, तो प्रांत मसुराच्या निर्यातीत जगात सर्वांत पुढे गेला.

सालीचा हिशेब

येथे एका माणसाची गोष्ट सांगतो. मुराद अल-कातिब यांचे आईवडील तुर्कस्तानातून येऊन रेजायना आणि सॅस्काटूनच्या मध्ये असलेल्या डेव्हिडसन या छोट्या गावी स्थायिक झाले होते. मुराद प्रांताच्या निर्यात वाढवणाऱ्या संस्थेत नोकरीला होते. त्यांच्या लक्षात आले की सस्कॅचेवानचा मसूर सालीसकट तुर्कस्तानात जातो. मेर्सिन बंदराभोवतीच्या डाळ मिलमध्ये त्याची साल निघते, डाळ भरडली जाते, आणि तीच डाळ इराक, सुदान आणि इतर देशांना विकली जाते. म्हणजे पिकवणारा एक आणि कमावणारा दुसरा. शिवाय साल आणि कचरा यांचेही भाडे १,६०० किलोमीटरच्या रेल्वेला भरायचे.

२००१ साली त्यांनी नोकरी सोडून घराच्या तळघरातून कंपनी सुरू केली आणि मेर्सिनच्या अरबेल या घराण्याला भागीदार घेतले. मसूर भरडण्याची मिल रेजायनातच उभी केली. २००९ साली अरबेलचा धंदाही त्यांच्या कंपनीत मिळाला आणि पुढे तिचे नाव एजीटी फूड्स झाले. २०१७ साली मोनॅको येथे त्यांना जगातील वर्षाचा उत्तम उद्योजक हा अर्न्स्ट अँड यंग संस्थेचा किताब मिळाला. अकोला, लातूर, जळगावच्या डाळ मिलवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. मलका मसूर आणि चुरी यांतला फरक, साल गुरांच्या खाद्याला कशी विकायची, हे सगळे त्यांना पाठ आहे. मुराद यांनी वेगळे केले ते एवढेच की मिल बाजाराजवळ न ठेवता शेताजवळ नेली, कारण त्या मुलखात वाहतूक हाच सर्वांत मोठा खर्च आहे.

मेर्सिनवाल्यांचेही कौतुक केले पाहिजे. तुर्कस्तान हा मसुराचा जुना मुलूख. स्वतःचे पीक पुरेनासे झाले तेव्हा त्यांनी मिल बंद केल्या नाहीत. परदेशी मसूर आणून कारागिरी विकली. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. सूत बाहेरचे आणि विणकर घरचा, हा हिशेब तो रोजच करतो.

(जाता जाता: रेजायनात राहणाऱ्या लेखिका झरका नवाझ यांची 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' ही विनोदी मालिका कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर २००७ ते २०१२ पर्यंत चालली. एका लहानशा गावातली मशीद आणि शेजारी यांची ती कथा. मालिकेतले मर्सी गाव कल्पित, पण ते सस्कॅचेवानमध्येच वसवलेले होते.)

रेल्वे अडली की काय होते, याचेही दाखले आहेत. २०१३ साली विक्रमी पीक आले आणि त्या हिवाळ्यात कोठारे भरून वाहू लागली, वाघिणी मिळेनात. मार्च २०१४ मध्ये सरकारला हुकूम काढावा लागला की दोन्ही रेल्वे कंपन्यांनी आठवड्याला प्रत्येकी ५ लाख टन धान्य हलवलेच पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये कामगार तंट्यावरून दोन्ही रेल्वे एकाच वेळी बंद पडल्या. मॅनिटोबातल्या चर्चिल बंदरावरून उत्तरेचा समुद्र गाठण्याचा मार्गही आहे, पण ते बंदर वर्षातले थोडे महिनेच बर्फाशिवाय असते. २०१७ च्या पुरात तिकडचे रूळ वाहून गेले. २०१८ साली ती रेल्वे आणि बंदर विकत घेणाऱ्यांत मूळ रहिवाशांच्या संस्थांबरोबर एजीटी होती, आणि फेअरफॅक्स ही कंपनीही. फेअरफॅक्सचे मालक प्रेम वत्स मूळचे आपल्या हैदराबादचे. २०२१ साली या दोन कंपन्यांनी आपला वाटा तेथील स्थानिक आणि मूळ रहिवाशांच्या संस्थांकडे सोपवला.

आटलेल्या समुद्राचे मीठ

समुद्र नाही असे वर म्हटले खरे, पण एके काळी होता. सुमारे ३८ ते ४० कोटी वर्षांपूर्वी या जमिनीवर उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. त्यांतच पोटॅश आहे. १९४२-४३ साली तेलाच्या शोधात विंधन करताना ते सापडले. ते सुमारे एक किलोमीटर खोल होते, आणि वर पाण्याने भरलेल्या वाळूचा थर. खाली जाणारी विहीर खोदायला घेतली की पाणी आत शिरे. शेवटी एस्टरहेझी गावी अभियंत्यांनी ती ओली वाळू गोठवून टाकली, गोठलेल्या भागातून खोदले आणि आतून लोखंडी कड्यांचे अस्तर बसवले. १९५७ साली सुरू झालेले काम १९६२ साली पुरे झाले. आज जगातल्या पोटॅशपैकी सुमारे एक तृतीयांश या एकाच प्रांतातून निघते.

आपल्याकडे पोटॅशच्या खाणी नाहीत. सगळे बाहेरून येते. जळगावच्या केळीला, सांगलीच्या द्राक्षाला आणि उसाला जे लाल किंवा पांढरे पोटॅश टाकतात, त्यातले बरेचसे या मिठातलेच. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने खतांच्या अनुदानाची पद्धत बदलली, तेव्हा पोटॅशचा भाव टनाला ४,४५५ रुपये होता. दोन वर्षांत तो तिपटीहून वर गेला. नंतर रशिया आणि बेलारूसवर निर्बंध आले. २०२१ च्या सुरुवातीला आपल्या आयातदारांनी टनाला २४७ डॉलरने सौदा केला होता; २०२२ साली तोच ५९० डॉलरवर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात कोरोमंडल, चंबळ आणि इंडियन पोटॅश या तीन कंपन्यांनी सस्कॅचेवानच्या कॅनपोटेक्सशी वर्षाला १५ लाख टनांपर्यंत, तीन वर्षे माल घेण्याचा समझोता केला.

या खाणींची मालकी हा तेथे राजकारणाचा विषय राहिला आहे. १९७५ साली प्रांत सरकारने स्वतःची कंपनी काढून खाणी घ्यायला सुरुवात केली. १९८९ पासून ती खासगी झाली. २०१० साली बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीने तीच कंपनी सुमारे ३९ अब्ज डॉलरला मागितली, तेव्हा प्रांताचे प्रमुख ब्रॅड वॉल यांनी विरोध केला आणि केंद्र सरकारने सौदा नाकारला. वॉल हे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते. पण जमिनीखालचा माल एकदाच निघतो, एवढे त्यांनाही कळत होते. बीएचपीने मग नवीच खाण खोदायचे ठरवले आणि २०२१ साली जॅन्सन येथे ५.७ अब्ज डॉलर घालण्याचा निर्णय घेतला.

उत्तरेकडच्या अथाबास्का खोऱ्यात युरेनियम आहे. २०१५ साली सॅस्काटूनच्या कॅमेको कंपनीने आपल्या अणुऊर्जा खात्याशी पाच वर्षांत ७१ लाख पौंड युरेनियम देण्याचा करार केला. दक्षिणेला एस्टेव्हान-वेबर्नकडे आणि पश्चिमेला लॉइडमिन्स्टरकडे खनिज तेल निघते. तेलात कॅनडात अल्बर्टानंतर याच प्रांताचा नंबर लागतो. आपल्या वाचकांचा या दोन्हींशी थेट संबंध येत नाही, म्हणून येथे एवढेच.

दिल्लीच्या एका कागदाचा फटका

मसुराशी आणि वाटाण्याशी मात्र रोजचा संबंध आहे. २०१५ साली पाऊस कमी झाला आणि तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. आपण जगभरातून कडधान्य मागवले. सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याने हे पाहिले आणि २०१६ साली कॅनडातला मसूर साठ लाख एकरांच्या आसपास गेला. जवळजवळ सगळा याच प्रांतात. २०१६-१७ मध्ये आपली कडधान्याची आयात ६६ लाख टनांवर पोचली. पण त्याच वर्षी आपल्याकडे पाऊसही चांगला झाला. मराठवाडा-विदर्भात तुरीचे एवढे पीक आले की हमीभाव ५,०५० रुपये असताना बाजारात त्याहून खाली भाव मिळू लागला. खरेदी केंद्रांवर पोती संपली आणि शेतकरी दिवसेंदिवस रांगेत बसले.

८ नोव्हेंबर २०१७ रोजी वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लागले. २१ डिसेंबरला मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के. दोन्ही तात्काळ लागू. ज्याचा माल त्या दिवशी समुद्रात होता, त्याने सौदा शून्य शुल्काचा हिशेब धरून केलेला होता. व्हँकुव्हरहून मुंबईपर्यंत माल यायला एक-दोन महिने लागतात, आणि तेवढ्यात नफ्याचा तोटा झाला. काही खरेदीदारांनी सौदे मोडले, काहींनी भाव पाडून मागितले. तिकडे भाव कोसळले. २०१८ साली कॅनडातला मसूर चाळीस लाख एकरांच्या खाली आला. एजीटीचे शेअर घसरले आणि २०१९ साली मुराद व फेअरफॅक्स यांनी ती कंपनी शेअर बाजारातून काढून घेतली.

आपल्या तूर उत्पादकाचे रक्षण करणे चूक होते, असे कोणी म्हणणार नाही. तक्रार आहे ती मुदत न देण्याची. वाटाण्याची तर आणखी परवड झाली. डिसेंबर २०१९ मध्ये हुकूम निघाला की वाटाणा किलोला किमान २०० रुपये भावाने आणि फक्त कोलकाता बंदरातूनच आणावा. दोनशे रुपयांच्या वाटाण्याचा रगडा कोण विकणार? आयात जवळजवळ थांबली आणि हातगाडीवाल्याने हरभऱ्यावर किंवा देशी वाटाण्यावर भागवले.

चाक पुन्हा फिरले. मसुराचे शुल्क २०२० पासून टप्प्याटप्प्याने उतरत २०२२ साली शून्यावर आले. २०२३ च्या सप्टेंबरात दोन्ही सरकारांत वितुष्ट आले तेव्हा मसुराचे काय होणार या काळजीने बाजार थोडे दिवस थबकला होता. पण त्याच वर्षी ८ डिसेंबरला वाटाणा बिनशुल्क झाला आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. मार्च २०२५ मध्ये मसुरावर १० टक्के शुल्क लागले. त्याच महिन्यात चीनने कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के शुल्क लावले, म्हणजे सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याला दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाचे दारही बंद झाले आणि तो भारताकडे अधिकच डोळे लावून बसला. १ नोव्हेंबर २०२५ पासून आपण वाटाण्यावर ३० टक्के शुल्क बसवले.

या वेळी एक फरक होता. ज्या मालाचे बिल ऑफ लेडिंग ३१ ऑक्टोबरचे किंवा त्याआधीचे असेल, त्याला शुल्क माफ ठेवले होते. २०१७ साली पोळलेल्या आयातदारांनी सौद्याच्या कागदात आता एक ओळ घालायला सुरुवात केली आहे: वाटेत शुल्क वाढले तर ते कोणी भरायचे. ज्यांच्या कागदात ती ओळ अजून नाही, त्यांनी पुढचा कंटेनर मागवण्यापूर्वी दलालाला ती घालायला सांगावी आणि जहाजाच्या कागदावरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी.